मला म्हणालात?

माझ्या कामाचा बराच वेळ मुक्या चित्रफिती बघण्यात जातो. आवाज काढून टाकलेला, चेहरे धूसर केलेले. उरतात ती चालणारी, थबकणारी, वळणारी, हात हलवणारी शरीरं. त्यांच्यावर मी खुणा करते: संकेत इथे सुरू झाला, इथे संपला, अर्थ अमुक. माणसांच्या वर्दळीत फिरणाऱ्या रोबोला माणसांचे हावभाव कळावेत यासाठी ही शिदोरी. हजारो खुणा केल्यावर संगणकाचं मॉडेल त्यांतून काहीतरी शिकतं, आणि मग आम्ही ते एका कंबरेएवढ्या उंच, चाकांवर फिरणाऱ्या यंत्रात घालून कॉरिडॉरमध्ये सोडतो.

कुणाला सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, ‘म्हणजे हात वर केला की थांबतो का?’ हो, थांबतो. त्यात आता फारसं कौतुक राहिलेलं नाही. हात वर आहे हे ओळखणं सोपं झालंय. मला रोज अडवतो तो प्रश्न वेगळाच आहे: तो हात कोणासाठी वर झालाय?

एका चित्रफितीत एक बाई समोरून चालत येते. उजवा हात कोपरात वाकतो, तळवा वर येऊ लागतो. थांब म्हणतेय? ओळख दाखवतेय? अर्ध्या सेकंदाने तो हात केसांची बट कानामागे सारतो आणि खाली येतो. हावभावांचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या अ‍ॅडम केंडन यांनी हाताच्या हालचालीचे टप्पे सांगितले आहेत: आधी तयारी, मग मुख्य हालचाल, मग हाताचं परत जागेवर जाणं. कागदावर हे फार सुबक दिसतं. गोची अशी की तयारीचा टप्पा सगळ्यांचा सारखाच असतो. नमस्कार, नकार, खाज, चष्मा सावरणं, फोन कानाला लावणं, सगळ्याची सुरुवात एकाच वाकणाऱ्या कोपराने होते. मी खुर्चीत बसून चित्रफीत मागेपुढे करू शकते. सेकंदाला एक मीटर या गतीने चालणाऱ्या रोबोने मुख्य हालचाल पूर्ण होईपर्यंत एक सेकंद वाट पाहिली, तर तो त्या बाईच्या आणखी एक मीटर जवळ पोचलेला असतो.

हात कोणासाठी, हा प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण तो खुर्चीच सोडवायची. एमआयटीमध्ये रिचर्ड बोल्ट यांनी १९८० मध्ये एक प्रयोग दाखवला होता. माणूस खुर्चीत बसलेला, मनगटावर सेन्सर, समोर भिंतभर पडदा. तो बोटाने दाखवत म्हणायचा, ते तिथे ठेव, आणि पडद्यावरची आकृती उचलली जाऊन दुसरीकडे जायची. आवाज आणि बोट यांची सांगड घालण्याचा तो फार सुरेख नमुना होता. पण त्या खोलीत बोलण्यासारखं दुसरं कोणी नव्हतंच. बोट उचललं गेलं की ते पडद्यासाठीच. तीस वर्षांनी, २०१० मध्ये, मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा व्हिडिओ गेमसाठीचा कॅमेरा आला. त्याने समोरचं किती लांब आहे हे कळणारा कॅमेरा स्वस्त केला आणि माणसाच्या शरीराचे वीस सांधे सेकंदाला तीस वेळा टिपून दाखवले. आमच्या क्षेत्रातल्या कितीतरी जणांनी तो खेळण्याच्या दुकानातून आणून थेट रोबोच्या डोक्यावर बसवला. पण किनेक्टही टीव्हीखाली ठाण मांडून बसलेला असायचा आणि माणूस मुद्दाम त्याच्या पुढ्यात येऊन उभा राहायचा. ‘मी तुझ्याशी बोलतोय’ हे त्या उभं राहण्यातच सांगून झालेलं असे.

रोबोला चाकं लावली की ही सोय गेली.

आधी नुसत्या बघण्याचेच हाल बघा. कॅमेरा हलतोय, त्यामुळे भिंत, दार, खांब सगळंच हलतंय. त्या सगळ्या हलण्यातून रोबोचं स्वतःचं हलणं वजा केल्यावर जे उरेल ते माणसाचं. फरशीच्या फटीवरून चाक गेलं की चित्र थरथरतं आणि स्थिर उभ्या माणसाचा हात हलल्यासारखा वाटतो. माणूस लांब असतो तेव्हा त्याचा हात म्हणजे चार-दोन ठिपके. जवळ येतो तेव्हा हात चौकटीबाहेर आणि समोर फक्त कंबर आणि गुडघे. ज्या अंतरावर हाताचा अर्थ कळणं सर्वांत गरजेचं असतं, नेमक्या त्याच अंतरावर हात दिसेनासा होतो. शिवाय पुष्कळ रोबोंना माणूस मुळात हातांवरून कळतच नाही, पायांवरून कळतो. लेझर किरणांनी अंतर मोजणारा लायडार बहुधा घोट्या-नडगीच्या उंचीवर बसवलेला असतो. त्याला जग म्हणजे जमिनीला समांतर एक पातळ काप दिसतो. त्या कापात माणूस म्हणजे शेजारी शेजारी दोन छोटे कंस, आलटून पालटून पुढे सरकणारे. घोळदार, पायघोळ कपडे घातलेलं माणूस आलं की दोन कंसांचा एक मोठा गोल होतो आणि संगणकाच्या प्रोग्रामला प्रश्न पडतो की हा खांब चालायला कधी लागला. खुर्चीचे पायही असेच दोन कंस दिसतात, आणि म्हणून रिकाम्या खुर्चीला आदराने वळसा घालून जाणारे रोबो मी पाहिले आहेत.

हे सगळं हळूहळू सुधारतंय. २०१७ च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातून ओपनपोझ नावाची प्रणाली आली. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रातून, एकाच वेळी अनेक माणसांचे सांधे जोडून ती काड्यांची माणसं उभी करायची. आज तर चित्र दाखवून ‘इथे काय चाललंय’ विचारलं की वाक्यात उत्तर देणारी मोठी मॉडेल्स आहेत. ती सांगतात, ‘निळ्या सदऱ्यातली व्यक्ती हात वर करून कोणाला तरी खूण करत आहे.’ ‘कोणाला तरी’ एवढ्यावर माझं भागत नाही.

मग कोणासाठी हे कळायचं कसं? चित्रफिती बघून बघून माझी नजर काही ठिकाणी आपोआप जाते. पहिल्यांदा हाताकडे नाही, धडाकडे. नुसती मान आपण कशालाही वळवतो, पण छाती आणि खांदे आपण ज्याच्याशी बोलतो त्याच्याकडे वळलेले असतात. मग डोळ्यांकडे, पण चेहरे धूसर केलेले, तेव्हा डोक्याच्या दिशेवरून अंदाज. मग वेळेकडे: रोबो दिसल्यानंतर हात उठला की आधीपासूनच उठलेला होता? आणि सर्वांत भरवशाची खूण मला सापडली ती संकेत संपल्यानंतर. ज्या हाताला उत्तर हवं असतं तो थांबतो. केस सारणारा हात काम झालं की खाली येतो, पण ‘थांब’ म्हणणारा हात हवेत तसाच राहतो, समोरचा थांबला का ते पाहतो. उत्तर मिळालं नाही तर तोच संकेत पुन्हा होतो, या वेळी मोठा. मनगटाऐवजी कोपरातून, मग खांद्यातून, मग सगळं शरीर पुढे झुकवून. आपल्याकडे लक्ष नसलेल्या ओळखीच्याला रस्त्यापलीकडून हाक न मारता हात करणारा माणूस आठवा, त्याचा हात असाच वाढत जातो. केस कोणी असे वाढत्या जोराने सारत नाही.

म्हणून एकेका चित्रावर शिकवलेलं मॉडेल इथे तोकडं पडतं. त्याला हाताचा आकार कळतो, पण हाताने वाट पाहणं हा आकार नव्हे. आमच्या नोंदींमध्ये संकेत संपल्यानंतरचा काळ पूर्वी कापून टाकला जायचा, आता तो ठेवायचा असं मी भांडून ठरवून घेतलं आहे. साठवणीची जागा बरीच जास्त लागते, पण माझ्या मते तोच भाग सर्वांत मोलाचा आहे.

माणसाच्या बाळाला हे कोण शिकवतं? वर्षाचं व्हायच्या आसपास ते बोटाने दाखवायला लागतं, आणि दाखवून झालं की वळून मोठ्या माणसाच्या तोंडाकडे बघतं, बघितलंस ना? कुत्र्यांनाही यातलं बरंच कळतं. ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, झाकलेल्या दोन भांड्यांपैकी खाऊ कशात आहे ते माणसाने बोटाने किंवा नजरेने सुचवलं, तर कुत्रे ते चिंपांझींपेक्षा चांगलं ओळखत होते. चिंपांझीची बुद्धी कमी म्हणून नव्हे. कुत्रं हे गृहीत धरूनच बसलेलं असतं की हा माणूस जे करतोय त्यात माझ्यासाठी काहीतरी आहे. रोबोच्या बाबतीत तेच गृहीतक घातक ठरतं. डोळ्यांच्या हालचालींवर चालणाऱ्या संगणकांबद्दल लिहिताना रॉबर्ट जेकब यांनी १९९० मध्ये याला, हात लावेल त्याचं सोनं करणाऱ्या मायडास राजाच्या स्पर्शाची उपमा दिली होती: जिकडे नजर जाईल तिकडे आज्ञा सुटणार, नुसतं बघायची सोयच राहणार नाही. कॉरिडॉरमध्ये प्रत्येक हात आपल्यासाठीच आहे असं मानणारा रोबो दोन मित्रांच्या गप्पा रंगल्या की वेडापिसा होईल.

पण प्रत्येक हात आपल्यासाठी नाही असं समजून तो मोकळाही होऊ शकत नाही. माणसांमध्ये वावरताना जे जाणून घ्यायचं असतं त्यातलं बहुतेक कोणी आपल्याला उद्देशून सांगितलेलंच नसतं.

इथे मला नेहमी एक घोडा आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या गृहस्थांचा हान्स हा घोडा गणितं सोडवायचा. तीन आणि चार किती विचारलं की खूर सात वेळा आपटायचा. १९०४ मध्ये तज्ज्ञांचं मंडळ बसलं, त्यांना लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट यांनी चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स नापास. घोडा माणूस वाचत होता. प्रश्न विचारून झाला की विचारणारा खुराकडे बघायला किंचित झुकायचा आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं नकळत जरासं वर यायचं. तेवढं हान्सला पुरायचं. लोक ही गोष्ट घोड्याची फजिती म्हणून सांगतात. मला ती माणसाबद्दलची वाटते. फुंग्स्टना सगळा उलगडा झाल्यावरही त्यांना स्वतःची ती हालचाल पुरती दाबता येईना. आपलं शरीर आपल्याला न विचारता बोलत असतं, आणि हे ऐकणारा कान हान्सला होता.

गर्दीत फिरणाऱ्या रोबोला मी शक्य असतं तर हान्सकडे शिकायला पाठवलं असतं. वळायचं असतं तेव्हा माणसाचं डोकं आधी वळतं, मग खांदे, मग पाय. पाऊल नव्या दिशेला पडण्याआधी बेत उघडा झालेला असतो. दाराकडे जाणारा माणूस दोन पावलं आधीच हात किंचित पुढे काढतो. थांबणार असलेला माणूस आधी पावलं आखूड करतो. यातला एकही संकेत कोणी कोणाला देत नाही, तरीही रस्त्यावरचे सगळे तो घेतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी अनोळखी लोकांच्या एका शिष्टाचाराबद्दल लिहून ठेवलंय: जवळ येताना एकमेकांकडे क्षणभर बघायचं, मी तुला पाहिलंय एवढं कळवायचं आणि नजर काढून घ्यायची. त्या क्षणभरात वाट ठरते.

ती ठरते कशी यावर चक्क दोन गमतीचे पुरस्कार मिळाले आहेत, तेही एकाच वर्षी. २०२१ च्या इग नोबेलमध्ये भौतिकशास्त्राचा पुरस्कार, चालणारी माणसं एकमेकांवर सारखी का आपटत नाहीत हे शोधणाऱ्यांना मिळाला, आणि गतिशास्त्राचा पुरस्कार ती कधीकधी का आपटतात हे शोधणाऱ्यांना. दुसऱ्या गटाचा, म्हणजे हिसाशी मुराकामी, क्लॉडिओ फेलिचियानी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आमच्या कामाला फार जवळचा आहे. समोरासमोरून येणारे दोन घोळके एकमेकांतून जाताना आपोआप रांगा तयार होतात, हे पूर्वीपासून माहीत होतं. यांनी एका घोळक्यातल्या काही जणांच्या हातात फोन दिले आणि चालता चालता त्यावर काम करायला सांगितलं. रांगा तयार व्हायला उशीर झाला, विशेषतः फोनवाले घोळक्याच्या तोंडाशी होते तेव्हा. अडखळले ते फक्त फोनवालेच नव्हेत. ज्यांचं लक्ष होतं त्यांनाही नीट बगल देता येईना, कारण समोरच्याचं शरीर काही सांगतच नव्हतं. वाट काढणं हे एकट्याचं कसब नाही, दोघांनी मिळून करायचा व्यवहार आहे.

रोबोंच्या दुनियेत हाच धडा एका अडलेल्या यंत्राने शिकवला. २०१० मध्ये पीटर ट्राउटमन आणि आंद्रेआस क्राउझे यांनी गोठलेल्या रोबोची समस्या मांडली. गर्दी थोडी दाट झाली की रोबोला प्रत्येक माणूस पुढे कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. अंदाजांची वर्तुळं फुगत जातात, एकमेकांत मिसळतात आणि कुठलीच वाट सुरक्षित उरत नाही. रोबो जागच्या जागी उभा. आणखी चांगला अंदाज बांधला तर सुटेल असं वाटतं. त्यांनी दाखवलं ते असं की अंदाज अगदी अचूक असला तरी सुटणार नाही, जोवर रोबो माणसांकडे आपल्याशी काहीही देणंघेणं नसलेल्या वस्तू म्हणून बघतोय. मी पुढे सरकलो तर हेही थोडे सरकतील, एवढा विश्वास हिशेबात धरला तरच वाट निघते. माणूस भर गर्दीत शिरतो तो याच विश्वासावर.

सरकण्याचा हा व्यवहार आकड्यांत बांधायचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसाभोवतीची अंतरं मांडली: साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत अगदी जवळची माणसं, तिथून १.२ मीटरपर्यंत ओळखीची, ३.६ मीटरपर्यंत कामाची, त्यापलीकडे सगळं जग. रोबोवाल्यांना असे आकडे म्हणजे पर्वणीच. माणसाभोवती वर्तुळं आखायची, आत शिरण्याची किंमत वाढवत न्यायची, की झाला रोबो सभ्य. हॉल यांनी स्वतःच बजावून ठेवलं होतं की ही मापं अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडच्या मध्यमवर्गीय, धडधाकट प्रौढांवरून काढली आहेत, ती साऱ्या मानवजातीची समजू नयेत. आकडे आमच्या क्षेत्रात आले, बजावणी वाटेत कुठेतरी गळाली. आणि वर्तुळांना माणसांमधलं नातं दिसत नाही. तिघं जण गोल करून बोलत उभे असले की त्यांच्या मधोमध एक जागा तयार होते. ती रिकामी असते आणि तरी भरलेली असते. ती जागा कोणाच्याच वर्तुळात न शिरता ओलांडता येईल इतकी ऐसपैस असली, तरी शहाणं माणूस तिच्यातून जात नाही. केंडन यांनी या रचनेचाही बारकाईने अभ्यास केला आहे. तिघांपैकी कोणीही रोबोला हात दाखवून अडवलेलं नसतं. त्यांच्या पाठीच सांगतात की वळसा घालून जा.

आतापर्यंत मी रोबोने माणसाला वाचण्याबद्दल लिहिलं. माणूसही त्याला वाचतच असतो, आणि या बाजूकडे आमचं लक्ष उशिरा गेलं. २०१५ मध्ये ऑस्टिन शहरात एका चौकात गूगलची स्वयंचलित मोटार आणि एक सायकलस्वार समोरासमोर आले. सायकलस्वाराने पाय न टेकता, जागच्या जागी तोल सांभाळत मोटारीला आधी जाऊ द्यायचं ठरवलं. तोल सांभाळताना सायकल बोटभर पुढे जायची, मोटार निघता निघता गचकन थांबायची; सायकल मागे यायची, मोटार पुन्हा निघायची. हा खेळ चांगला लांबला. सायकलस्वार आपल्या परीने अगदी स्पष्ट बोलत होता, आधी तुम्ही. मोटारीला ते ऐकू आलं नाही हा अर्धाच भाग. आपण गोंधळलोय हे तिलाही सांगता येत नव्हतं. माणूस असता तर काचेआडून हसून हात तरी पसरला असता.

तोंडी बोलणारा किंवा दिवे लुकलुकवणारा रोबो हा यावरचा सोपा उपाय, आणि मला तो फारसा आवडत नाही. गजबजाटात आणखी एक आवाज. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात दोन आठवडे मिनर्व्हा नावाचा वाटाड्या रोबो फिरत होता. त्याला भुवया आणि ओठ असलेला यांत्रिक चेहरा होता. वाट मोकळी असली की हसरा, लोक वाट अडवून उभे राहिले की हळूहळू कपाळाला आठ्या. युक्ती नामी होती. पण त्याहून खोल काम अ‍ॅन्का ड्रॅगन, केंटन ली आणि सिद्धार्थ श्रीनिवास यांनी २०१३ मध्ये मांडलं. रोबोचा हात एखादी वस्तू उचलायला निघाला, तर सर्वांत जवळची वाट आणि सर्वांत समजणारी वाट या दोन वेगळ्या असतात. दोन वस्तू शेजारी ठेवलेल्या असतील तर सरळ जाणाऱ्या हातावरून शेवटपर्यंत कळत नाही की कोणती उचलणार. सुरुवातीलाच थोडा बाहेरून वळसा घेतला तर बघणाऱ्याला लगेच कळतं. म्हणजे थोडी अतिशयोक्ती करून चालायचं. चालण्याच्या बाबतीत आम्ही तेच केलं: समोरून माणूस आला की अगदी शेवटी नेमकं सरकण्याऐवजी बऱ्याच लांबूनच एका बाजूला ठळकपणे कल घ्यायचा. वाट थोडी लांब पडते, बॅटरी थोडी जास्त खर्च होते. पण माणसांच्या पावलांतला तो अडखळता ठेका जातो. डावीकडे मी, डावीकडे तू, उजवीकडे मी, उजवीकडे तू हा बोळातला नाच तेव्हा सुरू होतो जेव्हा दोघंही शेवटपर्यंत काही सांगत नाहीत.

मुलांचं मात्र सगळं निराळं. त्यांना रोबो काय सांगतोय ते छान कळतं, म्हणूनच ती वाट अडवतात. जपानमध्ये द्राझेन ब्रश्चिच, ताकायुकी कांडा आणि सहकाऱ्यांनी ओसाकाच्या एका खरेदीसंकुलात रोबो फिरवला होता. तो मुलांना अदबीने बाजूला व्हायला सांगायचा आणि मुलं त्याला घेरून, ढकलून, मारून बघायची. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला उपाय वाचून मी मोठ्याने हसले होते. मुलं आसपास आहेत आणि मोठं माणूस जवळ नाही अशी लक्षणं दिसली की रोबोने काढता पाय घ्यायचा आणि उंच माणसांच्या जवळ जाऊन उभं राहायचं. शाळेत दांडगाई सोसणाऱ्या प्रत्येक मुलाला हे तंत्र न शिकवता येतं. रोबोला ते शिकवावं लागलं, आणि तेही उंची मोजून.

हसून झाल्यावर बोचतं ते उंची मोजणं. आम्ही माणसाची जी काड्यांची आकृती वापरतो तिला दोन हात, दोन पाय, आणि ते सरळ उभे असं गृहीत आहे. हात थरथरणाऱ्या माणसाचा ‘थांब’ आमच्या मॉडेलला टाटा वाटतो. कुबड्या घेतलेल्याला चालताना हात वर करताच येत नाही. तो हनुवटीने सांगतो, आणि हनुवटीची आमच्याकडे खूणच नाही. सर्वांना वापरता येईल अशा रचनेच्या अभ्यासक, टोरांटोच्या युटा ट्रेव्हिरॅनस यांनी सांगितलेला अनुभव मी नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवते. चौकात गाडीने थांबायचं की जायचं हे ठरवणाऱ्या मॉडेल्सना त्यांनी एक प्रसंग देऊन पाहिला: व्हीलचेअरवरची एक व्यक्ती, पायांनी जमिनीला रेटा देत उलटी, पाठमोरी रस्ता ओलांडते. त्यांच्या ओळखीची एक व्यक्ती खरोखरच तशी चालते. सगळ्या मॉडेल्सनी पुढे जायचं ठरवलं, म्हणजे तिच्या अंगावरून. मग त्यांना व्हीलचेअरवरच्या माणसांची आणखी उदाहरणं देऊन शिकवलं. पुन्हा तोच निर्णय, या वेळी अधिक आत्मविश्वासाने. सरासरी व्हीलचेअर त्यांना आता पक्की पाठ झाली होती, आणि सरासरी व्हीलचेअर उलटी जात नाही.

यामुळे संकेतांची लांबलचक यादी करून ती रोबोकडून घोटून घेण्यावरचा माझा विश्वास उडाला आहे. वीस आज्ञा ओळखतो अशी जाहिरात दिसली की मला त्या वीस आज्ञा पाठ करावी लागणारी माणसं दिसतात. यंत्राला आपलं कळावं म्हणून आपण हळूहळू ठळक, तुटक, त्याच्या सोयीचे हातवारे करायला लागू. तसं होणारच, थोडं झालंही आहे; नळाखाली हात धरून पाणी येईना की आपण सगळे जे हात नाचवतो ते आठवा. मला दोनच गोष्टी हव्यात: थांब, आणि तू जा. त्या कोणत्याही शरीराने, कशाही सांगितल्या तरी कळाव्यात.

आणि कळलं नाही तर? खुणांच्या यादीत मी ‘नक्की नाही’ असा रकाना मागून घेतला. पूर्वी खूण करणाऱ्याला काहीतरी एक निवडावंच लागायचं. दोन जणांच्या खुणा जुळल्या नाहीत की ती चित्रफीत गोंधळाची म्हणून बाद व्हायची. आता ती राहते, आणि रोबो तिच्यातून शंका घ्यायला शिकतो. ‘तू जा’ या संकेताबद्दल शंका आली तर त्याने जायचं नाही, आधी वेग कमी करून त्या माणसाकडे तोंड करायचं आणि बघायचं की हात पुन्हा होतोय का. ‘थांब’बद्दल शंका आली तर थांबायचंच. दहा वेळा उगीच थांबला तरी चालेल.

माझ्या सहकाऱ्याला हे पटत नाही. ‘तू त्याला भित्रा करून टाकतेयस,’ तो म्हणतो. ‘सारखा थांबणारा रोबो हीसुद्धा अडचणच आहे.’ आणि त्याच्या हातात पुरावा आहे. २०१९ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या परिसरात सामान पोचवणारा एक रोबो रस्ता ओलांडायची वाट बघत पदपथाच्या उतारावर शहाण्यासारखा थांबला होता. समोरून व्हीलचेअरवरची एक विद्यार्थिनी रस्ता ओलांडून आली. पदपथावर चढायला तोच एक उतार होता आणि ती वाहत्या रस्त्याच्या कडेला अडकली. तिने कोणताही हावभाव करायची गरज नव्हती. तिचं त्या दिशेने येणं हेच सांगणं होतं. नंतर विद्यापीठाने त्या चाचण्या काही काळ थांबवल्या. म्हणजे थांबणं हेही काही बिनधोक नाही, कुठे थांबतो तेही बोलणंच असतं.

म्हणून सध्या आमचा वाद हातांवरून जागांवर आला आहे. दाराच्या तोंडाशी थांबायचं नाही, उतारावर नाही, वळणावर नाही, बोलणाऱ्यांच्या मधोमध तर नाहीच. मग भिंतीला चिकटून उभं राहावं, असं ठरत आलं होतं. तेवढ्यात एका चित्रफितीत भिंतीचा कठडा धरून पाऊल पाऊल चालणारे एक आजोबा आले, आणि भिंतीजवळची जागाही कोणाची तरी वाट आहे हे दिसलं. पुढची बैठक त्यावर आहे.